घरगाडीतलं दही

आमच्या घरगाडीला दोन चाकं आणि पाच पाय आहेत. चाकं चालताना लागतात, पाय थांबल्यावर. चालणं तिला पहिल्याच दिवशी जमलं. सांगलीच्या ज्या फॅब्रिकेटरनं ती बांधली त्याच्या शेडमधून निघून वडूजजवळच्या आमच्या रानापर्यंत ती पप्पांच्या जुन्या जीपमागे शहाण्या मुलीसारखी आली. उभं राहणं मात्र तिला आणि आम्हाला शिकावं लागलं.

घरगाडी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण वाटेत प्रत्येकानं तेच विचारलं. जीपला जोडून ओढत न्यायची पत्र्याची एक खोली. आत दोघांना पुरेल असा पलंग, भिंतीला मिटवून ठेवायचं टेबल, हातभर ओटा, गॅस, दोन कपाटं, तीन खिडक्या. पुढे लोखंडी दांडा. तो जीपला अडकवायचा. जीप सोडवून नेली की दांड्याखाली एक जॅक टेकवायचा, तो पाचवा पाय. बाकीचे चार पाय कोपऱ्यांत दुमडून असतात, हँडल फिरवलं की खाली येतात.

पप्पा सैन्यात ड्रायव्हर होते. जड गाड्या चालवायचे. निवृत्तीनंतर त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी गावाकडे स्लॅबची घरं बांधली आणि गेटवर हुद्दा कोरून घेतला. पप्पांनी साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये वर्षभर पेपर वाचला आणि मग एक दिवस सांगलीला जाऊन, चाकांवरचं घर बांधायला सांगून आले.

आईला ते सगळ्यात शेवटी कळलं. ती लसूण सोलत होती. पप्पांनी मोबाईलमधला फोटो तिच्यापुढे धरला. तिनं फोटो पाहिला, पाकळी सोलून वाटीत टाकली आणि म्हणाली, "हलणाऱ्या घरात मी लय राहिले. आता पुरे."

खोटं नव्हतं ते. आई कवठे महांकाळकडची. तिचे वडील मेंढपाळ. ती लहान असताना दिवाळीनंतर मेंढरांच्या मागे सगळं बिऱ्हाड कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आधी परत यायचं. घोड्याच्या पाठीवर भांडी, वाकळा, टोपलीत कोंबड्या, दोन-चार दिवसांची कोकरं, आणि या सगळ्याच्या वर आई. पुढे लग्न झालं ते सैनिकाशी. घोड्याच्या जागी रेल्वे आली, एवढाच फरक. दर दोन-तीन वर्षांनी ट्रंका बांधायच्या आणि कुठल्यातरी छावणीत जाऊन सोडायच्या.

या सगळ्या प्रवासांत आईच्या हातात एक छोटा स्टीलचा डबा असायचा. त्यात विरजण. नव्या क्वार्टरमध्ये पोचल्यावर ट्रंका उघडायच्या आधी ती दूध कोमट करून दही लावायची. दुसऱ्या दिवशी दही लागलेलं दिसलं की म्हणायची, "चला, पोचलो." त्यानंतरच पडदे लागायचे. रेल्वेत तिनं दोनदा प्रयत्न करून पाहिला होता. दोन्ही वेळा सकाळी भांड्यात चोथा एकीकडे आणि पाणी एकीकडे. लागताना दही हललं की मोडतं, हे तिच्याकडे वेदवाक्य.

म्हणून पप्पा जेव्हा म्हणाले, "अगं, चालताना हलते. उभी केली की घरासारखी घट्ट," तेव्हा आईनं वर न बघता अट घातली.

"त्यात दही लावून बघते. लागलं तर येते."

"आणि न्हाई लागलं तर?"

"तर तुमी जावा. मी मोळीसारखी बांधून घेऊन कुठं जायची न्हाई आता."

पप्पा हसले, पण रात्री जेवले कमी. ते एकटे जाणार नव्हते, हे मला माहीत होतं. जिना उतरताना त्यांनी मला सांगितलं होतं की पहिली फेरी कुंभार्ली घाटातून कोकणात. ज्या वाटेनं आई लहानपणी मेंढरांमागे गेली, त्याच वाटेनं तिला जीपमध्ये बसवून न्यायची. आईला त्यांनी हे सांगितलं नव्हतं, आणि मला सांगितलेलं माझ्याजवळच राहतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दही लागलं नाही, तर सांगलीत एक गिऱ्हाईक तयारच होतं. त्याला घरगाडीत नाष्टा सेंटर काढायचं होतं.

मी घरून काम करते, त्यामुळे सुट्टी सहज मिळाली आणि पप्पांबरोबर रानात गेले. माझ्या शाळा सगळ्या छावण्यांतल्या, इंग्रजी माध्यमाच्या. दर वेळी नवा वर्ग, त्यामुळे मागच्या बाकावर बसून आधी सगळं बघून घ्यायची सवय लागली, ती राहिलीच. गावात मी फार बोलत नाही. माझं 'आहे' आणि माझं 'नाही' तिथे फार पूर्ण वाटतं. चुलत भावंडं मला इंग्लिश बाय म्हणतात. मी एकदा बैलाला प्लीज म्हणाले होते, तेव्हापासून.

काका, म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ, रानातच विहिरीपलीकडे राहतात. घरगाडी रानात शिरली तेव्हा ते बांधावर उभे होते. त्यांनी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली, पत्र्यावर थाप मारली, खाली वाकून पाहिलं.

"दादा, डबा लय भारी हाय. वडापाव कवा चालू?"

"घर आहे ते."

"व्हय, पर घराला टायर कशाला?"

रस्त्यावरून जाणारा एक मोटारसायकलवाला थांबलाच. "पाव्हणं, चा हाय का?" काकांनी त्याला सांगितलं, "उद्या उद्घाटन हाय, या." तो खरंच दुसऱ्या दिवशी आला. पण ते पुढे.

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढून झाला होता. रानात नुसती धसकटं, माती भुसभुशीत. बांधावरच्या कडुलिंबाची पानगळ चालू होती, त्यामुळे त्याची सावली चाळणीतून पडल्यासारखी. पप्पांनी रानाच्या मधोमध जागा निवडली. चाकाखाली दगड लावायला सांगितलं. त्याला इकडे उटी म्हणतात. उसाच्या ट्रॉलीला चढावर लावतात तशी. काकांनी उताराच्या बाजूला एका चाकाला उटी लावली, पप्पांनी जीप सोडवली, पुढचा जॅक टेकवला, आणि काका आत चढले.

घरगाडी झोपाळ्यासारखी झुलली.

"दादा," आतून आवाज आला, "ह्यात दही न्हाई, ताक व्हईल."

पप्पांनी ते मनाला लावून घेतलं. चारही पाय खाली सोडले आणि हँडल फिरवायला लागले. पाय जमिनीला टेकले तरी थांबेनात. त्यांचा विचार असा की गाडी पायांवर उचललीच, चाकं अधांतरी केली, तर हलायचा प्रश्नच मिटला. एका कोपऱ्यात जोर लावायचे, मग दुसऱ्या, मग परत पहिल्या.

मी महिनाभर परदेशातल्या घरगाड्यांचे व्हिडिओ बघितले होते. त्यातली माणसं एक गोष्ट परत परत सांगतात. म्हणून मी म्हणाले, "पप्पा, पायांनी उचलायचं नाही. नुसतं टेकवायचं. वजन चाकांवरच राहिलं पाहिजे."

कोणालाच ऐकू गेलं नाही. मी परत म्हणाले. पप्पा म्हणाले, "अजून एक आटा," आणि हँडलला आणखी एक फेरा दिला. तिसऱ्यांदा मी बोलले तेव्हा आतून खाडकन आवाज आला, आणि मग काकांचा.

"दार उघडंना."

पप्पांनी बाहेरून ओढलं. काकांनी आतून ढकललं. पायांच्या जोरानं गाडीचा सांगाडा पिळवटला होता आणि दाराची चौकट तिरपी होऊन दार पक्कं धरून बसली होती. काका खिडकीत आले. खिडकीला जाळी.

"दादा, मला बी हिच्यासंगं सांगलीला परत पाठवू नगा. नाष्टा सेंटरात मला भांडी घासाय लावतील."

"थांब रं जरा!"

"थांबलोच हाय की. जातोय कुठं?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "तू काय म्हणत होतीस?"

मी चौथ्यांदा सांगितलं. या वेळी सगळं शांत असल्यामुळे माझा आवाज मलाच मोठा वाटला. मागच्या कोपऱ्यातला पाय मी स्वतः उलटा फिरवला. थोडं सैल झालं आणि दार आपोआप उघडलं. काका पायरीवर पाऊल ठेवायच्या आधी उंबऱ्याला नमस्कार करून बाहेर आले.

मग आम्ही नीट केलं. दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, अशा उट्या हातोड्यानं घट्ट ठोकल्या. पायांची लोखंडी टोकं मातीत रुतत होती, म्हणून काकांच्या मोडक्या पलंगाच्या रुंद फळ्या त्यांच्याखाली घातल्या. पाय फळीला टेकेपर्यंत सोडले, वर अर्धा आटा, बस. काका आत जाऊन दोन्ही पायांनी नाचले. घरगाडी ढिम्म. काका म्हणाले, "आता लग्नाचं वऱ्हाड नाचलं तरी चाललं." पप्पांचा चेहरा उजळला.

राहिलं होतं ते गाडी सपाट आहे का हे बघणं. खरं तर ते पाय सोडायच्या आधी करायचं असतं, पण ते त्या व्हिडिओंत आधी होतं आणि आमच्यात शेवटी आलं. मी मोबाईल काढला, त्यात पातळी दाखवणारं अ‍ॅप होतं. पप्पांनी तो प्रेमानं बाजूला केला. "सगळी नोकरी ह्या डोळ्यांवर गाड्या लावल्यात." ते दहा पावलं मागे गेले, एक डोळा मिटला, आणि खिडकीची खालची कड पलीकडच्या बांधाशी जुळवून पाहिली. तो बांध पणजोबांनी घातलेला आहे. आमच्या घराण्यात सरळ माणसाला 'बांधासारखा' म्हणतात. कड आणि बांध तंतोतंत जुळले. पप्पांनी अंगठा वर केला.

आत कपाटाचं दार मात्र लावलं की हळूच उघडत होतं. मला वाटलं, कडी सैल आहे. मी कागदाची घडी करून फटीत खोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आई आली. हातात पिशवी, आणि पिशवीत नाही, दुसऱ्या हातात, तो स्टीलचा डबा. घरगाडीकडे तिनं नुसतं बघितलं, लग्नात दुसऱ्याच्या मुलाकडे बघतात तसं. काकांच्या घरी जाऊन म्हशीचं दूध तापवलं, कोमट होईपर्यंत करंगळी बुडवून बघत राहिली. मग विरजण मिसळून, पातेल्यावर फडकं बांधून रानातून चालत आली. आम्ही तिघं रांगेत उभे. ती पायरी चढली. आत तिच्या पावलांचा आवाज येत होता. ओट्यापर्यंत, पलंगापर्यंत, खिडकीपर्यंत, परत ओट्यापर्यंत. पप्पा माझ्या कानाशी म्हणाले, "पलंगावर बसली का?" मला ऐकू आलं नव्हतं, पण मी हो म्हणाले.

बाहेर येऊन तिनं दार ओढून घेतलं.

"जेवणं होईस्तवर आत कुणी जायचं न्हाई. दाराला हात लावायचा न्हाई."

"मी इथं बसतो राखणीला," पप्पा म्हणाले.

"तुमी बसलात तर फेऱ्या मारूनच गाडी हलवाल. जावा, वडूजवरनं कोथिंबीर आणा."

"कोथिंबीर विहिरीपाशी आहे की."

"मग लिंबं आणा. भाऊजींना बी घेऊन जावा."

काका हसू दाबत जीपमध्ये बसले. आई स्वयंपाकाला गेली. मी लिंबाखाली पुस्तक घेऊन राखणीला बसले. जीप जाऊन थोडा वेळ झाला असेल तेवढ्यात कालचा मोटारसायकलवाला आला. "उद्घाटन झालं का?" मी मान हलवून नाही म्हटलं. "सामोसं तरी?" मी परत मान हलवली. तो बिचारा गेला.

ऊन चढलं. मी आतल्या पातेल्याचा विचार करत होते. दूध आता घट्ट व्हायला लागलं असेल, सायीखाली, कोणाला न दिसता. या वेळी त्याला जरासाही धक्का लागता कामा नये.

आणि मग ओढ्याच्या बाजूनं मेंढरं आली.

आधी धूळ दिसली, मग घंटा ऐकू आली, मग सगळंच. काळी, पांढरी, तांबूस, एकमेकांच्या पोटाखाली मान घालून उन्हातून सावली चोरत चाललेली. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. महिन्यापूर्वी पप्पांनीच मामांना फोनवर सांगितलं होतं: शाळू निघाला की तुमची मेंढरं आमच्या रानात बसवा. मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंड्यांचं खत मिळतं, म्हणून आमच्याकडे मेंढपाळाला बोलावणं असतं, आग्रह असतो. तारीख कोणी ठरवत नाही. शाळू निघाल्याची बातमी त्यांना वाऱ्यावरून कळते. फोन ठेवला आणि पप्पा ते विसरून गेले. मामा नाही विसरले.

मामा कुठे दिसत नव्हते. मेंढरांनी रानात शिरून एक क्षण पाहिलं. लिंबाला पानं नाहीत. साऱ्या रानात गर्द सावली एकच होती, आमच्या घरगाडीखालची.

ती निघाली, एकामागून एक. पहिली चार दांड्याखालून आत घुसली. मग दहा-बारा. एका एडक्यानं कोपऱ्यातला पाय हुंगला, त्याला तो आवडला असावा, आणि त्यानं त्यावर पाठ घासायला सुरुवात केली. तब्येतीत, डोळे मिटून.

मी उठले. म्हणाले, "हट."

माझं 'हट' पुस्तकाच्या पानातून बाहेर पडल्यासारखं होतं. कोणीही मान वर केली नाही. मी जवळ गेले. "हट, हट ना." एका मेंढीनं माझी ओढणी तोंडात घेतली. दुसरा एडका दुसऱ्या पायाशी आला. आता ती दोन्ही बाजूंनी घासत होती आणि मला वाटत होतं की मला आतलं पातेलं दिसतंय, त्यावरचं फडकं, त्याखाली थरथरणारी साय. पप्पा लिंबं घेऊन येत असतील. कुंभार्ली घाट. नाष्टा सेंटर.

मी शाळेत कधी ओरडले नाही. खेळाच्या तासालाही नाही. घरी तर ओरडायची वेळच आली नाही. त्यामुळे माझ्यातून जो आवाज निघाला तो ओळखीचा नव्हता.

"एऽऽ! दही लागतंय! हलू नका! कुणीच हलू नका!"

मेंढरं खरंच थांबली. सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एडका घासता घासता थांबला. मी हात पसरून घरगाडीपुढे उभी, ओढणीचं टोक मेंढीच्या तोंडात. "दही लागतंय!" मी पुन्हा ओरडले, कारण पहिल्यांदा उपयोग झाला होता.

विहिरीपलीकडून आई धावत आली. हाताला पीठ, पदर खोचलेला. नंतर तिनं सांगितलं की आवाज कोणाचा ते तिला कळलं नव्हतं. कोणीतरी परकी बाई संकटात आहे असं वाटून ती पळाली. तिनं मला पाहिलं, मेंढरं पाहिली, एडक्याला पाहिलं. आणि जिभेचं टोक टाळूला लावून तिनं एक बारीक टकटक आवाज काढला, आणि मग लांबलचक 'हुर्रर्रर्र', जो तिच्या पोटातून नाही, टाचेपासून आला असावा. मी जन्मात तो ऐकला नव्हता. मेंढरांनी मात्र ऐकला होता. ती घरगाडीखालून सरळ बाहेर आली आणि बांधाच्या कडेला जाऊन उभी राहिली, वर्गात बाई आल्यासारखी.

ओढ्याकडून हसण्याचा आवाज आला. मामा काठी खांद्यावर आडवी टाकून येत होते, काखेत एक कोकरू.

"आक्का! ही हाळी अजून हाय व्हय तुझ्यात? मला वाटलं, छावणीत गेल्यावर इसारली."

"तू आधी हिकडं ये," आई म्हणाली. "मेंढरं पुढं आन् तू मागं? आपल्या बानं असंच शिकीवलं का?"

"आगं, पाणी दावत हुतो. तू आल्याचं कळलं, म्हणून सांजच्या जागी दुपारीच आलो. आन् ह्ये काय? टपरी टाकली का दाजींनी?"

आईचं लक्ष कोकराकडे गेलं होतं. तिनं त्यांच्या काखेतलं कोकरू घेतलं, पिठाच्या हातांनीच. मामा माझ्याकडे वळले. "आन् तू गं भाचे? तू तर मुकी हुतीस. पार ओढ्यापतुर ऐकू आलं. दही लागतंय म्हणून मेंढरास्नी सांगणारी तू पहिलीच."

तेवढ्यात जीप आली. पप्पा उतरले. हातात लिंबांची पिशवी. समोर रानभर मेंढरं, घरगाडीच्या पायांना चिकटलेली लोकर, दाराशी लेंड्या. फोन त्यांना आठवला असावा, कारण त्यांनी कपाळाला हात लावला आणि बांधावर बसले.

"गेलं," म्हणाले. "माझ्याच हातानं गेलं."

काकांनीसुद्धा विनोद केला नाही. त्यांनी पिशवीतून एक लिंबू काढून उगाच हातात फिरवलं.

आईनं कोकरू माझ्याकडे दिलं आणि पायरी चढली. दार हलकेच उघडलं. पातेलं दोन्ही हातांनी धरून, पावलं मोजून टाकावीत तशी ती खाली आली आणि विहिरीच्या वाटेवरच्या धुणं धुवायच्या दगडावर ते ठेवलं. तो दगड पाण्यासारखा सपाट आहे. पप्पा सोडून आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. मामांनी टोपी मागे सारली. आईनं फडकं सोडलं, डाव घेतला आणि मधोमध घातला.

दही कापलं गेलं. खोबऱ्याच्या वडीसारखी स्वच्छ कड, कुठे पाण्याचा थेंब नाही. काढलेल्या जागी खड्डा तसाच राहिला.

"लागलंय," आई म्हणाली.

पप्पा बांधावरून उठले, पण जवळ येईनात. "नीट बघ."

"आवं, बघितलं. घट्ट हाय." आणि मग तिनं मान एका बाजूला कलती केली. मग दुसऱ्या बाजूला. "पर ह्ये असं का?"

तेव्हा मलाही दिसलं. पातेल्याच्या एका बाजूला दही काठापासून बोटभर खाली होतं, समोरच्या बाजूला दोन बोटं. सपाट दगडावर पातेलं सरळ उभं होतं आणि आतलं दही उताराला लागलेलं. टेकडीसारखं. तिरपं, पण अगदी शांतपणे, न मोडता तिरपं.

मामांनी वाकून पाहिलं आणि मोठ्यानं हसले. "दाजी, घर तुमचं हलत न्हाई, पर कललंय!"

"शक्य नाही," पप्पा म्हणाले. "मी बांधाशी लावलंय."

सगळ्यांनी वळून बांधाकडे पाहिलं. मीही पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्याकडे संशयानं बघत होतं. मेंढरं त्याच्या कडेनं ओळीत उभी होती, आणि त्या ओळीत एका टोकाची मेंढी दुसऱ्या टोकाच्या मेंढीपेक्षा सरळसरळ वर होती.

"दादा," काका हळूच म्हणाले, "त्यो बांधच उताराचा हाय."

"आजोबांनी घातलेला बांध?"

"आजोबांनीच घातला. पर उतारावर घातला."

"पावसाचं पाणी कायम त्याच कोपऱ्यात साचतं," आई म्हणाली. "लग्न होऊन आले तवापासनं बघतीय. मला वाटलं, तुमास्नी म्हाईत असंल."

पप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एक वेळ नोकरीत चूक निघाली असती तर त्यांनी सोसली असती. पण बांध! काका म्हणाले, "आता सरळ माणसाला काय म्हणायचं रं आपल्यात?" आणि मग जे हसू फुटलं ते थांबेना. आई तर दगडावर बसली. मी हसता हसता कपाटाच्या दाराचं सांगितलं, कागदाची घडी खोचल्याचं. त्यावर अजून हसू. कोकरू घाबरून ओरडलं.

दही आम्ही तिथेच खाल्लं, मामांच्या पिशवीतल्या भाकरीबरोबर, तिरपं ते सरळ करत. मोटारसायकलवाला तिसऱ्यांदा आला. या वेळी आईनं त्याला बसवून भाकरी दिली. तो जाताना म्हणाला, "चव हाय. पर मेनू वाढवा."

जेवणं झाल्यावर सगळं परत सोडलं. चारही पाय वर घेतले. जीप जोडली, खालच्या बाजूच्या चाकापुढे फळी ठेवली, पप्पांनी गाडी इंचाइंचानं पुढे घेऊन चाक फळीवर चढवलं. पप्पांनी डोळा मिटला नाही. आई आत टेबलावर ताटात पाणी घेऊन बसली आणि खिडकीतून सांगत होती, "आजून. आजून थोडं. आता विहिरीकडं जास्त झालं. बास. बास म्हटलं की!" मामांनी उट्या ठोकल्या. जीप सोडवून पुढचा जॅक टेकवला. मी पायांची हँडलं फिरवली, टेकेपर्यंत आणि वर अर्धा आटा. पप्पा शेजारी उभे होते. म्हणाले, "तू सांग, किती." मी एकदाच सांगितलं. ऐकू गेलं.

आत गेले तेव्हा कपाटाचं दार बंद होतं, कागदाशिवाय. आई ओट्यापाशी उभी होती. पातेल्याच्या तळाशी उरलेलं दही तिनं चमच्यानं खरवडून स्टीलच्या डब्यात घातलं, झाकण दाबून बसवलं आणि डबा उचलून पलंगाच्या उशाशी, खिडकीच्या कडेला ठेवला.

पप्पा पायरीवर येऊन थांबले होते. त्यांनी तो डबा पाहिला. रेल्वेच्या खिडकीत तो डबा त्यांनी कितीतरी वेळा पाहिला असेल.

"कुठं न्यायची म्हणता पहिल्यांदा?" आईनं विचारलं, त्यांच्याकडे पाठ करून, ओटा पुसत.

"कुंभार्लीनं खाली," पप्पा म्हणाले. "कोकणात."

आईचा हात ओट्यावर थांबला. बाहेर मामांची मेंढरं आता हक्कानं रान भरून बसत होती, आणि त्यांतलं एखादं पुन्हा पायाला पाठ घासत असणार, कारण घंटा एका ठिकाणी वाजत होती. घरगाडी हलली नाही.

"मग मला पुढं बसू द्या," आई म्हणाली. "वाट मला म्हाईत हाय."